धूम्राईचं मरण

"...आणि त्या क्षणी नवलगडाच्या सर्वांत उंच बुरुजावर उभ्या असलेल्या धूम्राईने आपले प्राण..."

तुळजा थबकली. पुढचा शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसत होता. पण तो उच्चारण्याचं बळ ओठांत कुठून आणायचं?

"थांबलीस कशाला गो?" खाटेवरून बायजाबाई गरजल्या. त्यांचा पाय प्लास्टरात होता, आवाजाला मात्र काहीही झालेलं नव्हतं. "प्राण काय? काय केलं तिनं प्राणाचं?"

सोडले होते! धूम्राईने प्राण सोडले होते, तेही तिसऱ्याच प्रकरणात! पुढे जवळजवळ अख्खं पुस्तक शिल्लक होतं...

"प्राण... पणाला लावले, आई," तुळजाच्या तोंडून निघून गेलं.

"लावनारच! माजी बायच ती!" बायजाबाई समाधानाने उशीवर टेकल्या आणि तुळजाच्या कपाळावर दरदरून घाम फुटला.

'नवलगडचे जादूगार' या कादंबरीमालेचा हा पाचवा आणि अखेरचा भाग. तुळजाचा नवरा रामदास शहरात, निजामपुऱ्याला, कापडाच्या लूमवर ड्युटीला होता आणि तिथल्याच एका वाचनालयातून तो ही पुस्तकं वळ गावी घरी आणत असे. बायजाबाईंना अक्षरओळख नव्हती. तुळजा मात्र सातवी शिकलेली. पहिले चार भाग तिने सासूला ओटीवर बसून वाचून दाखवले होते. साऱ्या जादूगारांना धाकात ठेवणारी, तिरसट, म्हातारी धूम्राई म्हणजे बायजाबाईंचा जीव की प्राण! "माजी आनि तिची रास येकच," त्या सांगत. "ती हाय तवर मला काय व्हत न्हाय."

मग तो अभद्र दिवस उजाडला. बायजाबाईंचे भाऊ, कोन गावचे महादूमामा, जेवायला आले होते आणि धाकटी जाऊ चंद्रा भजी तळत होती. लग्नाच्या हळदीचा रंगही न उतरलेल्या त्या पोरीने पिठात खायच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा घातला! मामांनी मोठ्या प्रेमाने चार भजी खाल्ली आणि कोनला पोचेपर्यंत उचक्या दिल्या. "कुनाचं काम हे?" बायजाबाई कडाडल्या तेव्हा चंद्रा हळदीसारखीच पिवळी पडली... आणि तुळजा शांतपणे पुढे झाली. "माझ्या हातून झालं, आई."

माहेरच्या माणसांसमोर नाक कापलं गेलं होतं! त्याच संध्याकाळी थोरल्याची चूल वेगळी झाली. ओटी एकच राहिली, दारं मात्र दोन. बायजाबाई धाकट्या मोरूच्या घरात राहिल्या आणि तुळजाशी अक्षरही बोलेनाशा झाल्या. किती रात्री त्या निष्पाप सुनेने पदरात तोंड खुपसून हुंदके गिळले! पण चंद्राचं नाव तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

पुढे खळ्यावर घसरून बायजाबाईंचा पाय मोडला. त्यांनी अन्नावरची वासनाच टाकली. "म्हातारीला आनंदात ठेवा, मनाला धक्का बसू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं. त्याच आठवड्यात पाचवा भाग आला. ओटीवर टाकलेल्या खाटेवरून बायजाबाई मांजराकडे पाहत म्हणाल्या, "कुनाला वाचायचं आसंल त्यानं वाचावं. माजं कान कुनी बांधून न्हाय ठेवलं."

तुळजा धावतच पुस्तक घेऊन आली होती. आणि आता हे असं!

दुसऱ्या दिवसापासून त्या साध्वीच्या जिवाचे जे हाल झाले, ते शत्रूच्याही वाट्याला न येवोत. पुस्तकात धूम्राईला चंदनाच्या चितेवर ठेवलं. तुळजाने तिला चंदनाचा लेप लावला. सारे जादूगार धाय मोकलून रडले. तुळजाने त्यांना आनंदाश्रू ढाळायला लावले. पट्टशिष्या विद्युल्लतेने समाधीवर फुलं वाहिली. तुळजाने ती फुलं धूम्राईच्या उशाशी ठेवली.

"किती फुलं देतात गो तिला!" बायजाबाई कौतुकाने म्हणाल्या. "पन ती बोलत का न्हाय?"

"मौनव्रत धरलंय, आई."

"धूम्राईनं? मौन?" बायजाबाईंनी संशयाने डोळे बारीक केले. "सोडाय लाव."

सोडाय लावलं! मग काय, मेलेली धूम्राई रोज बोलू लागली, भांडू लागली, शिष्यांच्या पेजेत मीठ कमी म्हणून नावं ठेवू लागली. बायजाबाई खदखदून हसत. हसता हसता त्यांनी पेज मागून घेतली, मग भाकरी, मग सुकटीचं कालवण. रात्री तुळजा पुढची पानं रचत तळमळत पडे, तेव्हा रामदास वैतागून म्हणे, "अगं, मारून टाक ना त्या म्हातारीला येकदाची!" ते भिंतीपलीकडे ऐकून मोरूने दोन दिवस थोरल्या भावाशी बोलणं टाकलं!

आणि एके दुपारी वाचता वाचता तुळजा अडखळली. पुस्तकात विद्युल्लता समाधीपुढे एकटीच बसली होती. पूर्वी एका खोट्या आळावरून धूम्राईने तिला गडाबाहेर काढलं होतं आणि तो आळ आता कधीच पुसला जाणार नव्हता. तुळजाने पान न उलटताच म्हटलं, "तेव्हा धूम्राईने तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि ती म्हणाली, पोरी, तुझा दोष नव्हता... घरी ये..."



"धूम्राई आसं बोलायची न्हाय," बायजाबाई म्हणाल्या. पण भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

दोन दिवसांनी शेजारच्या ठमाबाई डोक्यावर पदर घेऊन, नाक पुसत ओटीची पायरी चढल्या. त्यांच्या लेकीनेही तेच पुस्तक आणलं होतं.

"बायजे!" त्यांनी आल्या आल्या गळाच काढला. "गेली गो, आपली धूम्राई गेली!"

"कुटं गेली?" बायजाबाईंनी विचारलं.

"ठमामावशी, चहा घेता ना?" तुळजा ओरडली.

"कसला च्या? माज्या घशाखाली पानी उतरत न्हाय! तिसऱ्याच परकरनात गेली माय माजी! बुरुजावर! चितेवर घातली..."

बायजाबाई सावकाश उठून बसल्या. त्यांनी आधी ठमाबाईंकडे, मग तुळजाच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"तिसऱ्या? मंग काल जी जेवली ती कोन?"

तुळजाने पुस्तक पदराआड केलं.

"खोटारडे! आधी सोडा घालून माज्या माहेराला नासवलंस, आता मढ्याला बोलाय लावलंस! मी येडी म्हनून फसवलंस मला?"

"नाही हो आई..." तुळजाला हुंदका आवरेना. "डॉक्टर म्हणाले धक्का नको... आणि तुम्हीच म्हणायच्या, ती आहे तोवर तुम्हाला काही होत नाही... मग मी तिला कशी मरू देऊ? सांगा ना, कशी मरू देऊ?"

इतक्यात आतून चंद्रा वाऱ्यासारखी आली आणि तिने सासूचे पाय धरले. नेमका प्लास्टरातलाच धरला! बायजाबाई किंचाळल्या, पण चंद्राचा बांध फुटला होता.

"वहिनीला बोलू नका! सोडा मी घातला व्हता! मी! वहिनीनं माजा गुन्हा आपल्या डोक्यावर घेतला... माज्यानं गिळवत न्हाय आता!"

ठमाबाई रडायचं विसरून आ वासून पाहत राहिल्या.

बायजाबाईंची नजर तुळजाकडे वळली. एवढे महिने आपण कुणाला दूर लोटलं? जिने दुसरीची चूक पोटात घातली, जिने आपला जीव तगावा म्हणून मेलेलीला उठवून बसवलं, तिला! त्या कठोर डोळ्यांतून पहिल्यांदाच घळाघळा धारा लागल्या.

"ते... 'पोरी, तुजा दोष नव्हता'... ते बी पुस्तकात न्हाय?"

"नाही, आई."

"न्हायच आसनार. लिवनाऱ्याला येवढी आक्कल कुटली?" त्यांनी हात पुढे केला आणि थोरल्या सुनेला उराशी ओढलं. "चुकलं गो माजं, तुळजे... लय चुकलं!"

मग त्यांनी तिसरं प्रकरण खरंखुरं वाचायला लावलं. धूम्राई पुन्हा एकदा मेली आणि या वेळी चौघींनी मिळून तिला यथासांग रडून घेतलं. ठमाबाई तर दुसऱ्यांदा रडल्या, पण तेवढ्याच मनापासून.

दिवेलागणीला रामदास घरी आला, तेव्हा बायजाबाईंनी हुकूम सोडला, "माजी खाट थोरलीच्या घरात न्या. आज तिच्या चुलीचं जेवीन. चंद्रे, तुजं कालवन बी तिकडंच आन."

दोघा भावांनी आईसकट खाट उचलली, तुळजाच्या दारात घातली, आणि ती तिथेच अडकली! पुढे रेटली तर चौकट करकरली, मागे ओढली तर बायजाबाई ओरडल्या. अर्ध्या बायजाबाई घरात, अर्ध्या ओटीवर!

"उतरा, आई, आम्ही धरतो तुम्हाला," रामदास धापा टाकत म्हणाला.

"मी न्हाय उतरायची," बायजाबाई ठामपणे म्हणाल्या. "भूक लागली. हितंच वाढा, खाटेचं मागनं बगू."

तुळजाने आतून ताट पुढे केलं आणि चंद्रा बाहेरून कालवण घेऊन आली. दारात बाकी कुणाला जागाच उरली नव्हती. दोन्ही मुलगे उपाशी पोटी ओटीवर उभे राहिले आणि त्यांची आई डाव्या-उजव्या हाताला एकेक सून घेऊन, मिटक्या मारत, कधी नव्हे ते पोटभर जेवली.