गाडी हलकी झाली

मनाने रचलेली गोष्ट नाही ही. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलेली आहे. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं... मी अजून त्याच रस्त्यावर राहते, आणि अंधार पडल्यावर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा मी एकटी जात नाही.

मी रोंडा. टॉड माझा धाकटा भाऊ. ओहायोतलं आमचं गाव एवढंसं. चर्चपासून आमचा रस्ता उतरत जातो, खाली ओढ्यावरचा लहानसा, बिनकठड्याचा पूल लागतो आणि मग चढ. चढाच्या टोकाला माझं घर आणि त्याला लागून टॉडचं.

तीन वर्षांपूर्वीच्या हॅलोविनची संध्याकाळ होती.

आमच्याकडे सहाला अग्निशमन दलाचा भोंगा वाजतो. मग पोरं सोंगं घेऊन बाहेर पडतात आणि पायरीवर दिवा असेल त्या घरी खाऊ मागतात. आठला परत भोंगा वाजतो. दिवे बंद, पोरं घरात.

टॉडची मेबल चार वर्षांची होती. त्या वर्षी तिला कोकरू व्हायचं होतं. जेनेलनं, म्हणजे तिच्या आईनं, जुन्या स्वेटरवर कापसाचे गोळे चिकटवून अंगरखा केला होता. गळ्यात निळ्या फितीनं एक पितळी घंटी बांधली होती.

"घंटी वाजतेय तोवर ती जवळ आहे असं समजायचं," जेनेल टॉडला म्हणाली. ती वृद्धाश्रमात नर्स. त्या संध्याकाळी तिची ड्युटी होती, म्हणून पोरीला न्यायचं काम टॉडकडे.

"कळलं बाई. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"टॉड, आजच्या दिवस पिऊ नकोस."

"थेंबसुद्धा नाही. तुझी शप्पथ."

"माझी नको. तिची घे."

त्यानं घेतली. मेबलच्या डोक्यावर हात ठेवून, हसत हसत घेतली. मी तिथेच उभी होते.

पुढचं मला टॉडनंच नंतर सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात बसून, सगळं, काहीही न लपवता.

मेबल चालून दमते म्हणून त्यानं तिची लाल ओढगाडी घेतली होती. आत ब्लँकेट. चर्चपाशी डग भेटला. डग त्याचा शाळेपासूनचा दोस्त. माणूस वाईट नाही, पण त्याला एकट्याला पिता येत नाही. त्यानं बिअरच्या कॅनांनी भरलेला बर्फाचा डबा आणला होता, तो सरळ गाडीत मागे ठेवला.

"तू ओढतोच आहेस, तर याला पण ने. माझी कंबर धरलीय."

"डग, मी आज घेणार नाहीये."

"का? डॉक्टरनं सांगितलं, की बायकोनं?"

"पोरगी आहे बरोबर."

"अरे, सगळ्यांचीच पोरं आहेत! तो बघ, पाद्रीबाबांचा जावई. त्याच्या पेल्यात काय लिंबू सरबत आहे?"

खोटं नव्हतं ते. आमच्याकडे त्या संध्याकाळी पोरांना गोळ्या आणि आईबापांना पेले, असंच चालतं. प्रत्येक गॅरेजमध्ये टेबल मांडलेलं, वर सफरचंदाच्या गरम रसाचं भांडं आणि बाजूला व्हिस्कीची बाटली. कोणी जबरदस्ती करत नाही. फक्त नाही म्हणालं की सगळे बघतात.

टॉडनं एक पेला घेतला. थंडी होती म्हणे. मग पुढच्या गॅरेजमध्ये अजून एक. मग त्यानं मोजणं सोडलं.

तोवर मेबल दमली. "डॅडी, पाय दुखले," म्हणाली आणि गाडीत चढून ब्लँकेटमध्ये शिरली. खाऊचा प्लॅस्टिकचा भोपळा मांडीवर धरून बसली. टॉड पुढे दांडा ओढत होता. मागे घंटी वाजत होती.

टिण... टिण...

डगची पोरं मोठी होती, ती कधीच पुढे पळालेली. आजूबाजूला चेटकिणी, सांगाडे, भुतं, नुसता कल्ला. एव्हाना अंधार पडला होता. डग कुठल्याशा जुन्या सामन्याची गोष्ट सांगत होता आणि टॉड हसत होता.

ते पुलावर आले.

मागून आवाज आला. "डॅडी... माझा भोपळा पडला."

"हो हो, घेऊ हं," टॉड म्हणाला.

आणि चालत राहिला.

त्यानं वळून पाहिलं नाही. डगची गोष्ट ऐन रंगात आली होती.

पूल संपला, चढ लागला. चढावर गाडी जड लागायला हवी, की नाही? पण ती एकदम हलकी झाली. टॉडच्या हाताला ते कळलं. चांगलं कळलं.

"डग, लेका, डबा संपवलास की काय? गाडी बघ कशी पळतेय!"

"मी एकट्यानं? तू काय उपास केलास?"

दोघं खदाखदा हसले. रस्त्यानं जाणाऱ्या एक-दोघांनी त्यांना हात केला.

थोडं पुढे गेल्यावर टॉडच्या लक्षात आलं... घंटी वाजत नाहीये.

झोपली असेल, असं तो मनाशी म्हणाला. तरी तो मागे वळणार होता. खरंच वळणार होता. पण तेवढ्यात...

गाडीला हिसका बसला. मागून कोणीतरी आत चढावं तसा.

आणि गाडी जड झाली.

चाकं करकरायला लागली. दांडा हातातून सुटेल इतकी जड. आणि मागून आवाज आला.

टिण...

टॉडचा जीव भांड्यात पडला. "उठलीस का गं माझी कोकरी?"

टिण.

"मम्मीला सांगायचं नाही हं, डॅडीनं काय प्यायलं ते."

टिण.

सगळ्या चढावर तो तिच्याशी बोलत आला. ती प्रत्येक वेळी घंटी वाजवून उत्तर देत होती. डगनंही ऐकलं, तो आजही तसंच सांगतो.

मी पायरीवर खाऊचं घमेलं घेऊन बसले होते. दोघं वर आले तेव्हा एवढ्या थंडीत टॉड घामानं निथळत होता.

"काय जड झालीय कार्टी!" तो म्हणाला आणि माझ्यापुढे दांडा टाकला.

त्याच्या तोंडाचा वास माझ्यापर्यंत आला. "टॉड, तू प्यायलास?"

"दोन घोट गं. ओरडू नकोस, झोपलीय ती. ऐक... बघ, घंटी वाजवतेय."

मला काहीच ऐकू आलं नाही. मी त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता. घेतच नाही.

"वाजतेय की," डग म्हणाला.

गाडीत ब्लँकेट फुगलेलं होतं. खाली कोणीतरी पाय पोटाशी घेऊन निजावं, तेवढं. मी बघत असताना ते हळूच वर झालं... खाली झालं. श्वास घेतल्यासारखं.

मी ते उचललं.

खाली बर्फाचा डबा होता आणि त्याच्या पुढ्यात घंटी पडली होती. निळी फीत तशीच, गाठ तशीच, जेनेलनं बांधलेली. पोरीच्या डोक्यातून निघणार नाही इतकी घट्ट होती ती फीत, मी स्वतः बोट घालून पाहिलं होतं. बाकी काही नव्हतं.

"मेबल कुठंय, टॉड?"

तो वाकून रिकाम्या गाडीत हात फिरवायला लागला. आणि तेवढ्यात आठचा भोंगा वाजला.

ती पुलाखाली सापडली. भोपळा घ्यायला गाडीतून उतरली असेल. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं, घोट्याएवढं! पण अंगावरचा कापूस सगळं पाणी पिऊन बसला होता. तिला काही उठता आलं नसेल. भोपळा अजूनही सापडलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, भोंग्याच्या बऱ्याच आधी गेली. म्हणजे टॉड तिच्याशी बोलत चढ चढत होता, तेव्हा ती...

मला पुढचं लिहवत नाही.

पोलिसानं तो डबा माझ्या अंगणात उघडला. आत कॅन जवळजवळ सगळे तसेच होते. दोघांनी गॅरेजांमधली व्हिस्कीच ढोसली होती. बिअरला हातही लावला नव्हता. टॉडनं त्या डब्यात पाहिलं आणि खाली बसला. गाडी कशानं हलकी झाली, ते त्याला तेव्हा कळलं.

भोपळ्याचं त्यानं फक्त मला सांगितलं. "जेनेलला कळू देऊ नकोस, रोंडा. पोरीनं हाक मारली होती हे कळलं तर ती मरेल." मी आजवर कोणापाशी बोलले नाही. मेलेल्या आईची शप्पथ.

गावात सभा झाली. पोरांबरोबर असताना आईबापांनी प्यावी का, यावर दोन तास घसा कोरडा केला सगळ्यांनी. कोणी म्हणालं, बंदच करा. कोणी म्हणालं, एका घोटानं काय होतंय, अपघात काय शुद्धीतल्या माणसाच्या हातून होत नाही? पाद्रीबाबांचा जावई रडलासुद्धा. पुढच्या वर्षी तीच टेबलं, तीच भांडी, त्याच बाटल्या. फक्त आमच्या घरापुढून जाताना लोक पेले खाली धरायला लागले.

टॉड मात्र सुटला नाही. प्यायचा आणि संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन चढ चढायचा. मी रागावले, हातापाया पडले.

"प्यायलो की येते ती," तो म्हणायचा. "शुद्धीवर असलो की नुसती गाडी असते."

शेवटी त्याला शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. दारू सुटली. फोनवर म्हणाला, "इथं काहीच ऐकू येत नाही, रोंडा." आणि लहान मुलासारखा रडला. तो इकडे परत आलाच नाही.

मला वाटलं, संपलं.

गेल्या हॅलोविनला मी पायरीवरचा दिवा लावला नव्हता. पडदा ओढून आत बसले होते. सहाचा भोंगा वाजून बराच वेळ झाला असेल.

करकर... करकर...

चाकं. चढावरून.

मी बाहेर आले. जेनेल होती. आयुष्यात ओठाला थेंब न लावलेली बाई ती. एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात त्या लाल गाडीचा दांडा. नजर सरळ समोर.

"जेनेल! काय हे? तू सुद्धा?"

"हळू बोल गं. आताच आलीय." तिचा चेहरा... तीन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"दे तो पेला इकडे. चल घरात."

"थांब ना. वळून पाहिलं की जाते ती. मला ठाऊक झालंय आता." तिनं एक घोट घेतला. मग तिचं हसू गेलं. "रोंडा, एक सांग. ती सारखी भोपळा मागते गं. माझा भोपळा पडला, माझा भोपळा पडला. कुठं पडला होता तिचा भोपळा?"

मी पायऱ्या उतरून तिच्यापाशी गेले.

"आणि मला डॅडी म्हणते," जेनेल म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मी सांगते, बाळा, मम्मी आहे मी, मम्मी. ती ऐकतच नाही. डॅडी, डॅडी करते. मला ओळखत का नाही गं माझी पोर?"



मी तिच्या हातातला पेला काढून कठड्यावर ठेवला. तिला दंडाला धरून माझ्या दारात नेऊन उभं केलं. मग गाडी आत घ्यावी म्हणून परत आले. दांडा उचलला. ओढला.

गाडी हलली नाही.

गाडी रिकामी होती. येतानाच पाहिलं होतं मी, ब्लँकेटसुद्धा नव्हतं आत. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे चाकं करकरली. चार वर्षांच्या पोरीचं वजन मला माहीत आहे. कितीदा कडेवर घेतलं होतं तिला. ते तेवढंच होतं.

मला घंटी ऐकू आली नाही. आवाज आला नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. तशीच ओढत गॅरेजमध्ये नेली, दांडा सोडला आणि दार लावून घेतलं.

गाडी अजून तिथेच आहे. जेनेल आता रोज पिते. मला अडवता येत नाही.

मेबल मला रोंडाआत्या म्हणायची. र म्हणता यायचा नाही, लोंडाआत्या म्हणायची. तो पेला मी धुऊन फडताळात ठेवला आहे. एक घोट घेतला तर ती मला काय म्हणेल... आत्या, की डॅडी... हे रोज संध्याकाळी माझ्या मनात येतं. परवा मी बाटली विकत आणली. अजून उघडलेली नाही.