प्रमिलाबाईंचं प्रतिहृदय

प्रमिलाबाई उदगीरकरांची गोळी आधी त्यांच्या प्रतिहृदयाला मिळे आणि मग त्यांना. लातुरात २०६१ साली यात कुणाला नवल वाटत नसे.

प्रतिहृदय म्हणजे रुग्णालयाच्या संगणकात चालणारी तुमच्या हृदयाची हुबेहूब नक्कल. तुमचं रक्त, मूत्रपिंडं, वजन, मनगटपट्टीने मोजलेली नाडी, सगळं त्यात उतरवलेलं असे. हृदयाचा ताल सांभाळणारं औषध मोठं नाजूक. थोडं कमी पडलं तर ताल बिघडतो आणि थोडं जास्त झालं तर ते औषधच बिघडवतं. म्हणून प्रत्येक मात्रा आधी प्रतिहृदयावर चालवून बघायची. ते मिनिटभरात पुढचा अख्खा दिवस जगून घेई, आणि सगळं ठीक निघालं तरच घरातल्या गोळीपेटीचा खण उघडे. खण उघडल्यावर पेटी विचारी, "जेवलात का? गोळी घेतली का?"

घोटाळा झाला तो इथे. प्रमिलाबाईंनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पोरांच्या थापा चेहऱ्यावरून ओळखल्या, पण संकष्टीच्या दिवशी स्वतः पेटीला बिनदिक्कत थाप मारली. गोळी जेवणानंतर घ्यायची आणि जेवण चंद्रोदयानंतर, मग काय करणार? सकाळची आणि संध्याकाळची अशा दोन्ही गोळ्या त्यांनी देवघरात वाटीत ठेवल्या आणि चंद्र दिसल्यावर मोदकाबरोबर एकदम घेतल्या. अर्ध्या तासात त्या ओट्यापाशी कोसळल्या.

"प्रतिहृदय ठणठणीत आहे, बाई. पडलात त्या तुम्ही," डॉ. समीना इनामदार दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. त्या बाईंच्याच विद्यार्थिनी.

"टोमणे मारायलीस होय?"

"मारणारच की. एक गोळी चुकली तर चुकली. ती पुढच्या गोळीबरोबर कधीच घ्यायची नाही, मला विचारायचं. आणि उपास सोडा असं मी म्हणाले का कधी? आधी सांगितलं असतं तर वेळा बसवून दिल्या असत्या."

"तू लहान होतीस तेव्हा बरी गप्प बसायचीस," बाई म्हणाल्या, पण त्या खजील झाल्या होत्या. नागपूरहून धावत आलेली त्यांची मुलगी अनघा पलंगाशेजारी बसून होती आणि तिचे डोळे सुजले होते.

मग समीनाने नवा उपाय सुचवला. आजवर प्रतिहृदयात फक्त शरीर होतं, आता स्वभावही घालायचा. बाई कधी उपास करतात, कधी थाप मारतात, कधी हट्टाला पेटतात, हे सगळं ते नाडीवरून आणि सवयींवरून शिकेल आणि मात्रा आधीच जुळवून घेईल. अनघाकडे बघून बाईंनी सही केली.

उपाय अचूक ठरला. वर्षभरात ताल एकदाही बिघडला नाही. पेटीने प्रश्न विचारणं बंद केलं, कारण उत्तरं तिला ठाऊक असत. अनघाच्या फोनवर आई ठीक असल्याचा एक हिरवा ठिपका दिसू लागला. पूर्वी ती रोज सकाळी पावणेआठला फोन करून विचारायची, "आई, गोळी घेतलीस? काय खाल्लंस?" तेव्हा बाई वैतागायच्या. आता फोन रविवारवर आला आणि पुढे तोही चुकू लागला. अनघाचं प्रेम आटलं नव्हतं. आई सुखरूप आहे हे विचारण्याआधीच तिला दिसत होतं. बाईंना मात्र ती पावणेआठची कटकट हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

एका सोमवारी त्यांनी मुद्दाम गोळी घेतली नाही. ठिपका लाल होईल, अनघा घाबरेल, रागावेल, चालेल. फोन जवळ घेऊन त्या बसल्या. आठ वाजले, नऊ वाजले, अकरा झाले. शेवटी त्यांनीच समीनाला फोन लावला.

"मी आज गोळी घेतली नाही."

"माहीत आहे, बाई. प्रतिहृदयाने गुरुवारीच सांगितलं होतं."

"गुरुवारी? माझंच तर काल रात्री ठरलं."

"गेले तीन रविवार अनघाचा फोन आला नाही, तेव्हा तुमची नाडी कशी चालली यावरून त्याने काढलं. आम्ही आधीच्या मात्रा त्याप्रमाणे बसवल्या. आजची गोळी नुसती साखरेची आहे. घेतली काय, न घेतली काय, तुम्हाला काही होणार नाही."

समीनाच्या आवाजात अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

"अनघाला कळवलंस का हे?" बाईंनी विचारलं.

"काळजीचं कारणच उरलं नव्हतं, बाई. तिला कशाला त्रास?"

बाईंनी फोन ठेवला. सकाळी बाजूला ठेवलेली गोळी त्यांनी तोंडात टाकली. ती खरंच गोड होती.