माणिकरावाची तिसरी हाक

मोबाईलची ती बत्ती आधी बंद करा. भुताच्या गोष्टीला कधी उजेड लागतो का रे? हं, असं. आणि मध्येच ‘गुरुजी, खरं का?’ असं कुणी विचारायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा सख्खा मामा, नागोराव. आयुष्यात त्याने थापा मारल्या त्या फक्त बैलाच्या वयाच्या.

तारीख ३१ ऑक्टोबर १९५६, बुधवार. धनत्रयोदशी. त्या रात्री बारा वाजता हैदराबाद राज्य संपणार होतं आणि सकाळी आपण आंध्र प्रदेशात जागे होणार होतो. मामाच्या घरात मात्र तेल संपलं होतं. तामसीहून बाटलीभर तेल आणायचं, एवढंच त्याला काम होतं.

त्याच्या आईने, सोजरबाईने, ज्वारीच्या पिठाचा दिवा मळून दाराबाहेर ठेवला होता, दक्षिणेला तोंड करून. यमाचा दिवा. त्यात ना तेल, ना वात.

“माणिकराव अवेळी गेला,” ती म्हणाली. “यंदा त्याच्या नावाचा लावायचा हाये. लवकर ये रे बाप्पा.”

आता माणिकराव कोण, ते मलाच सांगावं लागणार. तुमच्या पुस्तकात तो नाही. आमच्या गावच्या देशमुखाचा तो भगेला. म्हणजे बांधलेला गडी. बापाने कागदावर अंगठा उठवला की पोरगा जन्मभर वाड्याचा. गोठ्यात झोपायचं, उष्टं खायचं, आणि मालकाची हाक आली की पहिल्याच हाकेला ‘जी मालक’ म्हणून उभं राहायचं. दुसरी हाक मारायला लावली तर चाबूक. तीस वर्षं हा ‘माणक्या’ होता. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि त्या गडबडीत माणिकराव वाड्याच्या मोठ्या दरवाजातून बाहेर पडला. पळाला नाही बरं का. चालत गेला.

पुढची आठ वर्षं तो रात्री-बेरात्री गावोगाव फिरला. तामसी, नेरडीगोंडा, पार बेज्जूरच्या जंगलापर्यंत. गोठ्याबाहेर उभा राहून आतल्या गड्याला हाक मारायचा. तीनदा, आणि नावाला राव लावून. आतल्याने पहिल्याच हाकेला ओ दिली तर म्हणायचा, “थांब. अजून तू वाड्याचाच हायेस.” दुसऱ्या रात्री परत यायचा, आणि गडी तिसऱ्या हाकेपर्यंत थांबला की त्याला घेऊन निघायचा. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. माणिकराव त्यात भर घालायचा, “भूत अन् मालक एकदाच हाक मारते. तीनदा मारते तो माणूस.”

मामाला त्यानेच सोडवलं. मामाची धाकटी बहीण मथुरा मात्र वाड्यातच जात्यावर होती. तिच्या सुटकेचा हुकूमही माणिकरावाने तहसिलीतून काढून आणला होता. आणि ५६ सालच्याच आषाढात तो आमच्या नाल्यात मेलेला सापडला. तोंडात कापूस कोंबलेला होता, चिखलाने माखलेला. कुणावर खटला झाला नाही. देशमुखाचा कारभारी अमृतराव रस्त्याने जाऊ लागला की लोक बोलायचे थांबत, इतकंच. मला अजून त्या गप्प राहण्याचा राग येतो.

तर तामसीला दुकानदार चंपतरावाने बाटली भरली आणि हळूच विचारलं, “नागोराव, तुले ठाव हाये का? वाड्याची गाडी आज राती पैनगंगेपार जाऊन राह्यली.”

“काऊन?”

“तिकडच्या वावरात गडी पाह्यजेत म्हणे. अमृतराव सांगून राह्यला होता, उद्यापासून राज नवं, जुन्या राज्याचे हुकूम चुलीत घाला... तुही बहीण गाडीत हाये.”

नदीपार गेलेली बाई परत आल्याचं आमच्या गावात कुणाला आठवत नव्हतं. मामा निघाला.

गाडीची वाट नाल्यातून जायची. मामा पोचला तेव्हा दहा वाजून गेले असतील. चंद्र नाही. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, अंधारातही पांढरा. तो पळसाआड बसला. एकटा माणूस, हातात तेलाची बाटली. काय करायचं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागून हाक आली.

“नाग्या!”

देशमुखाचा आवाज. मामाची जीभ आपोआप हलली. ‘जी’ ओठापर्यंत आलं. त्याने उपरण्याचा बोळा दातात धरला.

पुन्हा हाक नाही. किडे ओरडायचे थांबले होते.

मग गाडीची चाकं वाजली. पुढे कंदील घेऊन अमृतराव. मागे गाडीवान. गाडीत पोत्यांना टेकून मथुरा. बैल पाण्याच्या काठाशी आले आणि थांबले. गाडीवानाने शेपट्या पिरगाळल्या. पाऊल उचलेनात.

“अमृत्या!”

पळसातून. तोच आवाज.

“जी मालक!” कारभारी म्हणाला. पहिल्याच हाकेला. त्याचीही सवय तीच ना! कंदील घेऊन तो आवाजाच्या दिशेने चालू लागला. उजेड झाडांत शिरला. थोडा पुढे गेला...

आणि विझला.

ओरडणं नाही. पडल्याचा आवाज नाही. काहीच नाही.

गाडीवानाने कासरा टाकला आणि आला त्या वाटेने पळत सुटला. मामा धावला. गाडीवर चढताना बाटली दगडावर फुटली.

“मथ्रे!”

आता अगदी जवळून. मथुरेने तोंड उघडलं. मामाने तिच्या तोंडावर हात दाबला. तिला कळेना कोण धरतंय. तिला एवढंच कळत होतं, की मालकाने हाक मारली आणि आपण ओ दिली नाही. ती तडफडली. तिने मामाचा तळहात चावला. रक्त आलं. त्याने हात काढला नाही.

त्या आवाजाची दुसरी हाक आली नाही...

खूप वेळ.

मग दुसराच आवाज आला. घोगरा. तोंडात काहीतरी असावं तसा.

“मथुराबाई.”

मामाने हात तसाच ठेवला.

“मथुराबाई...”

तिला जन्मात कुणी बाई म्हटलं नव्हतं. तिची धडपड थांबली.

“मथुराबाई. चला.”

मामाने हात काढला.

“आली,” ती म्हणाली.

बैल तसेच सोडून दोघं शेतातून चालत घरी आली. पळाली नाहीत. का, ते मामाला कधी सांगता आलं नाही.

सकाळी लोकांना अमृतराव नाल्यात बसलेला सापडला. कमरेइतक्या पाण्यात, तोंड सताड उघडं. त्यानंतर अकरा वर्षं जगला. एक शब्द बोलला नाही. त्या रात्री देशमुख गावात नव्हताच, तो हैदराबादेत होता. मग ती त्याच्या आवाजातली हाक कुणाची? मला विचारू नका. मामाच्या तळहातावरचा वण मात्र मी पाहिलाय.

आणि चावणाऱ्या त्या मथुराबाई म्हणजे माझी आई. गाडी नदीपार गेली असती तर आज तुम्हाला गोष्ट सांगायला मी नसतो. आई सुटली, पण पुरती नाही रे. म्हातारपणीसुद्धा झोपेत ‘जी मालक’ म्हणायची आणि दचकून उठून रडायची.

पण घरी काय झालं ते राहिलंच. दोघं अंगणात आली आणि थबकली. यमाचा दिवा जळत होता.

“तेल कुठून आणलं?” मामाने विचारलं.

“म्या कुठून आणतो?” सोजरबाई दारात बसून होती, डोळे मोठे झालेले. “कोणी हाका मारल्या, सोजरबाई म्हणून. तिसरीले ओ देली, दार उघडलं. कोणीच न्हाई. दिवा असा...”

दिव्यात तेलाचा थेंब नव्हता. वात होती. हाताने कशीतरी वळलेली, जाड, चिखलाने माखलेल्या कापसाची.

दिवा पहाटेपर्यंत जळला. आजीने ती वात कुंकवाच्या डबीत ठेवली. आजीची डबी आईकडे आली, आईची माझ्याकडे.

ही बघा. भिऊ नका, हात लावा. एक टोक जळालंय, ते दिसतंच. आता दुसरं टोक चिमटीत धरा.

ओलं आहे ना?