चौथा खांदा

गियरची सायकल घरात आली की माणूस आधी डोंगरांविषयी बोलायला लागतो, आणि मग केव्हातरी ती चालवायला लागतो. २००३च्या दिवाळीनंतर दत्तू बोरस्तेच्या टोळक्याचं हेच झालं होतं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ लखनच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चौघं जमले होते: खुद्द लखन, विम्याची कामं करणारा अमोल, कांद्याचा व्यापारी सावळीराम आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर असलेला दत्तू. बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत टेबलावर भज्यांचा तेलकट कागद आणि त्याच्या शेजारी दत्तूनं आखून आणलेला बेत.

केंद्रातल्या नोंदवहीत तासातासाला लिहून दत्तूचा हात इतका नेटका झाला होता की सहलीचा कागदही त्यानं तसाच केला होता. पुढच्या शनिवारी पहाटे साडेपाचला निघायचं. पेठ रोडनं सावळघाट चढायचा, करंजाळीहून हरसूलकडे वळायचं, तिकडे मुक्काम. रविवारी वाघेऱ्याचा घाट उतरून गिरणाऱ्यावरून घरी. थांबायच्या जागांपुढे लिहिलं होतं: विसावा पहिला, साळूबाईचा चहा. विसावा दुसरा, पुंजारामची खानावळ.

"विसावा काय लिहितो रे?" सावळीराम हसला. "सायकली नेतोय का तिरडी? खांदे पण बदलायचे का तिथं?"

सगळे हसले. दत्तूही हसला. मग अमोलनं हात पुसत विचारलं, "मंगळूचं काय करायचं?"

मंगळू भोये करंजाळीपलीकडच्या एका पाड्यावरचा. केंद्रात कंत्राटी कामगार, भाताच्या काढणीला महिनाभर गावी जाणारा. आठ वर्षांपूर्वी या चौघांना ते घाट दाखवले होते ते त्यानंच. कुठल्या वळणावर उतरून चालायचं, कुठल्या झऱ्याचं पाणी प्यायचं, हे त्याच्याकडून शिकायचं आणि रात्री त्याच्याच घरी त्याच्या आईच्या हातची नागलीची भाकरी खायची, असा दर वर्षीचा रिवाज. त्याची सायकल मात्र अजून तीच होती, काळी, जड, मागं कॅरिअरवाली.

"दर वेळी घाटात त्याच्यासाठी थांबायचं," अमोल म्हणाला. "शिवाय आपण आता जरा… समजतंय ना?"

समजत सगळ्यांनाच होतं. दत्तूला तर जास्तच. मंगळू मुळात त्याचा मित्र, बाकीच्यांशी ओळख झाली ती दत्तूमुळे. 'तो येणार' एवढं तो म्हणाला असता तरी विषय संपला असता. दत्तूनं कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "मी सांगतो त्याला."

गुरुवारी सकाळी रात्रपाळी करून तो घरी आला आणि अकराच्या सुमाराला फोन वाजला. करंजाळीच्या एसटीडी बूथवरून मंगळू होता.

"भाऊ, पुढल्या शनवारी नक्की ना? आईनं नागली दळाया काढलीय."

रजा मंजूर झाली नाही असं सांगायचं दत्तूनं ठरवलं होतं. वाक्य पाठही केलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "रद्द झालं रे. घरात मौत झालीय."

कोण गेलं, असं मंगळूनं विचारलं नाही. दुसऱ्याच्या दुःखात चौकशा करायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं विचारलं, "किती वाजता उचलणार?"

"चार," दत्तू म्हणाला. का म्हणाला, त्यालाच कळलं नाही.

"येतो मी."

"अरे, एवढ्या लांबून कशाला…"

"असं कसं भाऊ? खांद्याला माणूस लागतं." फोन कट झाला.

"कोण गेलं हो?" तृप्तीनं स्वयंपाकघरातून विचारलं. "राँग नंबर," दत्तू म्हणाला. राँग नंबरवाल्याला कोणी घरातली मौत सांगत नाही, हे काय बायकोला कळत नाही? आतून पुन्हा भांड्यांचा आवाज सुरू झाला.

दुपारी त्यानं दार लावून घेतलं, पडदे ओढले. मंगळू खरंच आला तर त्याला मेलेला कोण दाखवायचा? कॉटवर पडून तो एकेक नातेवाईक डोळ्यांपुढे आणू लागला. सटाण्याचे काका चालतील का? आत्याचे यजमान? आपण इथं पडल्या पडल्या माणसं निवडतोय, हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच किळस आली. विचार करता करता चारच्या सुमाराला डोळा लागला तो थेट दिवेलागणीला उघडला. दोन्ही हात कोपरापर्यंत भरून आले होते. मंगळू काही आला नव्हता. सुटलो, असं मनात आलं, आणि त्या रात्री ताटावरून तो अर्धपोटीच उठला.

सोमवारी त्याची सुट्टी होती. चहाजेवणाचं सांगून ठेवायला तो मोटरसायकलवर एकटाच निघाला. उन्हात थंडीची बारीक धार होती. भात कापलेल्या खाचरांत खुंट उभे होते आणि पेंढ्याचा गोडसर वास थेट नाकात शिरत होता. असल्या रस्त्यावर मन हलकं व्हायला हवं. दत्तूचं होत नव्हतं.

सावळघाटाच्या पायथ्याला साळूबाईचं छप्पर. एरवी लांबूनच "आले का सायकलवाले?" म्हणून ओरडणारी बाई आज त्याला पाहून उठली आणि डोक्यावरचा पदर नीट करून गप उभी राहिली. चहा तिनं हातात दिला नाही. कप फळीवर ठेवला आणि मागं सरकली.

"सुतकात फिरू नाय, भाऊ. पन कामं काय थांबत नाय," ती म्हणाली.

दत्तूच्या कानशिलांतून जाळ निघाला. म्हणजे मंगळूनं वाटेवर निरोप दिला होता तर. "मंगळू सांगून गेला वाटतं?"

"त्यानं कशाला सांगाया पायजे? पाह्यली ना आम्ही तिरडी. गुरवारी, चारच्या एस्टीमागं. हितंच तर विसावा दिला तुम्ही."

तिनं बोट केलं तिकडे रस्त्याच्या कडेला मातीत चार खळगे होते, दोन पुढे, दोन मागे. आसपास गुलाल आणि ज्वारीच्या लाह्या. साळूबाईच्या कोंबड्या सगळीकडे चरत होत्या, तेवढा तुकडा सोडून.

"कोंबड्या शिवत नाय त्याला," ती म्हणाली.

"माणूस चुकलं असेल तुमचं, साळूबाई. मी गुरुवारी घरी होतो."

"पुढं मडकं धरून तुम्हीच होते. मागं तुमचे ते तिघं, आमोलभाऊ आन् ते. तिघंच खांद्याला. चौथा कोपरा नुसताच चालला होता." तिनं त्याच्याकडे माणूस दुःखानं भ्रमलेल्याकडे पाहतो तसं पाहिलं. "शनवारी दहावं हाय म्हणले तुम्ही. आठवत नाय का?"

दत्तूनं बोटांवर दिवस मोजले. गुरुवार धरून दहावा दिवस शनिवारच येत होता. त्यांचा निघायचा शनिवार.

घरात कोणी गेलेलं नाही, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते बोलायचं तर मंगळूशी खोटं का बोललो तेही सांगावं लागलं असतं, आणि साळूबाई मंगळूला पोटच्या पोरासारखा मानायची. दत्तू चहा तसाच ठेवून उठला. घाट चढताना तो स्वतःला बजावत राहिला की दुसऱ्याच कुणाची तरी तिरडी असणार, म्हातारीची नजर ती केवढी. वळणावळणावर डांबराच्या कडेला लाह्या पडल्या होत्या. तो त्या न पाहता गाडी चालवायचा प्रयत्न करत होता.

करंजाळीत पुंजारामनं त्याला न विचारताच ताट वाढलं. भात आणि वरण, पांढरंफटक. हळद नाही, फोडणी नाही.

"सुतकाचं हाय," पुंजाराम म्हणाला. "तेल नाय टाकलं."

खानावळीच्या भिंतीला एक काळी सायकल टेकवलेली होती. मागं कॅरिअर. सीटवर चार दिवसांची धूळ.

"मंगळूची," पुंजाराम म्हणाला. "घरी जाऊन कपडे बदलून आला तर हितं आल्यावर ट्यूब फाटली. एस्टी पण गेलेली. लय रडकुंडीला आला होता. मौतीला पोचत नाय आता, दत्तूभाऊ काय म्हनल, हेच चाललं होतं त्याचं. तेवढ्यात तुम्हीच आले की तिरडी घेऊन. त्यानं पंप टाकला आन् चौथा खांदा दिला."

"किती वाजले होते?"

"चार."

साळूबाईही चारच म्हणाली होती. मधला सगळा घाट चढून यायला मोटरसायकललाही वेळ लागतो. दत्तूनं ताट बाजूला सारलं.

"मग कुठं गेले ते?"

पुंजारामनं वरणाचं भांडं खाली ठेवलं. "पुढं तुम्ही होते, भाऊ. मला काय इचारता?"

तिथून परत फिरता आलं असतं. नाशिक गाठायचं, सहल खरोखरच रद्द करायची, पुन्हा या वाटेला यायचंच नाही. पण ती सायकल भिंतीला उभी होती. जिला न्यायची लाज वाटली ती सायकल टाकून एक माणूस आपल्या खोट्या सुतकाला खांदा द्यायला गेला होता. दत्तूनं गाडी हरसूलच्या रस्त्याला घातली आणि पाड्याकडे वळवली.

खळ्यावर भात झोडून पडलं होतं. मंगळूची आई भिमाबाई दारात बसली होती. तिच्या बाजूला पाण्यानं भरलेला तांब्या आणि कडुनिंबाची डहाळी. डहाळीची पानं वाळून गेली होती.

"गुरवारपासून ठेवलंय," ती म्हणाली. "मौतीवरून आला का पाय धुवाया. आटपलं का तुमचं?"

हो म्हणणं फार सोपं होतं. दत्तू तिच्यासमोर मातीत बसला.

"भिमाआई, कोणी गेलं नव्हतं. मंगळूला बरोबर न्यायचं नव्हतं आम्हाला. म्हणून खोटं बोललो मी."

शेजारच्या अंगणात भात पाखडणाऱ्या बाईचं सूप थांबलं. दत्तूला वाटलं, सगळा पाडा ऐकतोय. ऐकू दे, असंही वाटलं, आणि तरी मान काही वर होईना.

भिमाबाईनं विचारलं, "मग माझं पोर चार दिवस कोनाला पोचवतंय?"



ऊन कलायला लागलं तेव्हा खाचरांतून मंगळू चालत आला. सावकाश, एका बाजूला झुकून. उजव्या खांद्यावर सदरा फाटला होता आणि खालची कातडी बांबूच्या रुंदीएवढी सोलून निघाली होती. आईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. त्यानं एक वाळलेलं पान चावलं, थुंकलं आणि मग दत्तूकडे पाहिलं.

"कवा आले, भाऊ?"

दत्तूनं पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं, कारण आता समोर तो खांदा होता.

"कळलं होतं," मंगळू म्हणाला. "करंजाळीलाच. नाशकातली मौत घाट चढून हितं कशाला येल?"

"मग गेलास कशाला?"

"तिघंच होते खांद्याला. तसं पाहून माघारी कसं फिरायचं?"

दत्तूला रडू आवरेना.

"कोण होतं रे त्या तिरडीवर?"

"तोंड झाकलेलं होतं. मी इचारलं नाय. जड होतं पन. लय जड."

"आता कुठं आहे?"

"वाघेऱ्याच्या उताराला. विसाव्याला ठेवलंय. ते तिघं बसलेत जवळ. मला म्हणले, तू घरी जा, भात पडलाय तुझा. बाकीचं शनवारी करू."

सकाळी निघताना अमोलचा फोन आला होता. लखन आणि सावळीराम त्याच्या शेजारी बसून हसत होते. दत्तूनं ते सांगितलं नाही.

"कोण म्हणालं शनिवारी?"

"तुम्ही." मंगळूनं एकदा आईकडे पाहिलं. "माझा हात धरला तुम्ही. म्हणले, मंगळू, शनवारी नक्की ये. तुझ्याशिवाय आमचं जमत नाय."

आठ वर्षांत हे वाक्य दत्तू एकदाही बोलला नव्हता.

"आवाज तुमचाच होता," मंगळू म्हणाला. त्यानं सदऱ्याची चिंधी खांद्यावरून हळूच सोडवली. "चार दिवस चाललो, भाऊ, भ्या नाय वाटलं. तेवढं ऐकलं आन् वाटलं."