पाठमोरा

सकाळचा जप झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. त्याच तोंडानं सांगते, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी हे घडलं. ताई आणि भाऊजींनी जसं सांगितलं, तसंच लिहिते आहे.

आणि रात्र नव्हती बरं का. भर दुपार होती. गुरुवार. दोन वाजून दहा मिनिटं.

भाऊजी चष्मेवाले. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. दुपारी एक ते चार दुकान बंद. त्या तीन तासांत भाऊजी वर यायचे, खिडकीच्या पडद्यावर घोंगडी टांगायचे, आणि भिंतीवर सिनेमा लावायचे.

घरी दाखवायची छोटी रिळं असत ना, आठ मिलिमीटरची, तीच. जुने मारधाडीचे सिनेमे. दोन तासांचा सिनेमा आठ-नऊ मिनिटांत बसवलेला. गाणी नाहीत, प्रेम नाही, आवाजसुद्धा नाही. नुसते ठोसे, घोडे आणि उड्या. भाऊजींकडे अशी दोनशेच्या वर रिळं होती. भंगारातून आणलेली, मेलेल्या शौकिनांच्या घरून मागून आणलेली.

"सवत परवडली असती," ताई म्हणायची. "निदान तिला आंबूस वास तरी नसता."

वास खरंच यायचा. फिल्म कुजायला लागली की सिरक्यासारखा वास सुटतो. कपाट उघडलं की डोळे चुरचुरायचे.

पण भाऊजींना मारामारीचं वेड नव्हतं. ते त्या रिळांत वडिलांना शोधत होते.

त्यांचे बाबा सिनेमात डुप्लिकेट होते. उडी बाबांनी मारायची, टाळ्या हीरोनं घ्यायच्या. पुलावरून नदीत उडी मारण्याच्या एका शॉटमध्ये ते गेले. भाऊजी तेव्हा दोन वर्षांचे होते. बाबांचा एकच फोटो होता. भाऊजी कळते व्हायच्या आतच, घर बदलताना ट्रंकेत पाणी शिरलं आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग उरला.

डुप्लिकेटच्या धंद्यात एकच नियम. कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं नाही. म्हणून प्रत्येक रिळात बाबा पाठमोरे. पडताना पाठमोरे, मार खाताना पाठमोरे.

आईंची, म्हणजे भाऊजींच्या आईची, नजर जात चालली होती. काचबिंदू. एका डोळ्यानं काही नाही, दुसऱ्यानं नळीतून बघावं तेवढंच. गावभरच्या लोकांना चष्मे देणारा मुलगा, आणि आईसाठी त्याच्याकडे एक काच नव्हती.

एका संध्याकाळी आई म्हणाल्या, "मला त्यांचा चेहरा आठवत नाही रे."

"आठवेल गं."

"नाही. पाठ आठवते. इतकी वर्षं पाठच बघत आले ना. आता तिकडे गेल्यावर ओळखू कशी त्यांना? सगळ्यांच्या पाठी बघत हिंडू?"

त्या दिवसापासून भाऊजी जेवेनात की झोपेनात.

त्यांना एकच रीळ हवं होतं. पुलावरच्या उडीचं. बाबांकडून मारामाऱ्या आणि उड्या करून घेणाऱ्या म्हाताऱ्या फाइट मास्टरनं फोनवर सांगितलं होतं, तो शॉट सिनेमात आहे म्हणून. त्या रिळाच्या दोन प्रती भाऊजींकडे होत्या, पण दोन्हींत उडी नेमकी तुटलेली. अखेर तिसरी मिळाली.

ती अखंड होती.

पहिल्या दुपारी तिघंही बसली. भिंतीवर पूल आला. कठड्यावर लांब कोट घातलेला माणूस. पाठमोरा. तो चार सेकंद उभा राहतो आणि उडी मारतो. बस्स.

"परत लाव," आई म्हणाल्या.

भाऊजींनी परत लावलं. आई भिंतीजवळ सरकल्या, आणि नव्या नवरीसारख्या हळूच म्हणाल्या,

"अहो... इकडे बघा ना."

आईंनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. अहो म्हणजे अहो.

त्याच वेळी भाऊजींना वाटलं...

त्या माणसानं उडी मारायला जरा उशीर केला.

मशीन बंद झाल्यावर खोलीत आवाज येत होता.

टप... टप...

भाऊजी उठून मोरीत गेले. नळ कोरडा होता.

दुसऱ्या दुपारी आईंनी पुन्हा हाक मारली. तिसऱ्या दुपारी भाऊजींनीही मारली. "बाबा, मागे वळा. एकदाच." पन्नाशीचा माणूस, भिंतीपुढे हात जोडून उभा. ताई सांगते, तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

सहाव्या दिवशी भाऊजींनी रीळ उजेडावर धरलं आणि चष्म्याच्या काचा तपासायच्या भिंगातून एकेक फ्रेम पाहिली. सेकंदाला अठरा फ्रेम, चार सेकंदांच्या बहात्तर. एकाहत्तरपर्यंत नुसतं पाठमोरं डोकं.

शेवटच्या फ्रेममध्ये...

कान दिसत होता.

आधीच्या दोन प्रतींत तो शॉट जिथवर होता तिथवर पाठच. भाऊजींना वाटलं, आपलीच नजर चुकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं.

कान आणि गालाचं हाड.

"थांबवा हे," ताई म्हणाली. "छापलेलं चित्र बदलत नसतं. हे काही चांगलं नाही."

"आईची नजर महिनाभरसुद्धा टिकायची नाही म्हणाले डॉक्टर."

"म्हणून काय वाट्टेल ते बोलवाल?"

"वाट्टेल ते नाही. माझे बाबा आहेत ते!" भाऊजी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ताईवर ओरडले.

पण वेळ नव्हताच. रीळ कुजत होतं. रोज फिल्मच्या कडेचं एखादं भोक फाटायचं, रोज चिकटपट्टीचा नवा सांधा. प्रत्येक सांध्याला दोन-तीन फ्रेम जायच्या. इकडे आईंच्या डोळ्यासमोरची नळी बारीक होत होती. आधी काय संपेल, डोळा की फिल्म... भाऊजी रोज तेच बघत होते.

आणि रोज सिनेमा संपला की तो आवाज.

टप... टप... टप...

रोज थोडा जवळ.

मग आला तो गुरुवार. एकोणिसावी दुपार.

आई भिंतीपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. ताई दाराशी. भाऊजींनी बटण दाबलं. मशीनची खरखर सुरू झाली. ठोसे गेले, घोडे गेले, पूल आला.

आई म्हणाल्या, "अहो. मला आता फार दिवस दिसायचं नाही. बघा ना."

कठड्यावरचा माणूस उभाच राहिला.

चार सेकंद झाले. पाच. दहा.

रीळ फिरत होतं. बाकी सगळं चित्र हलत होतं. खाली नदी वाहत होती. तो मात्र उडी मारेना.

मग तो वळला.

खांदा... गाल... मग पूर्ण चेहरा.

तरुण होता. पंचविशीचा. नाक जरा वाकडं, मोडून जुळल्यासारखं. भाऊजी ढसाढसा रडायला लागले. जन्मात पहिल्यांदा बापाचं तोंड बघत होते. "आई, बघ! बघितलंस ना? दिसतंय ना गं?"

आईंनी भिंतीला हात लावला. त्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली. नाकाशी थांबल्या.

आणि आईंनी आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं.

स्पष्ट. पूर्ण नाव. ताई सांगते, घरातल्या कुणीही त्यांच्या तोंडून ते तोवर ऐकलं नव्हतं.

भिंतीवरच्या माणसाची पापणीही हलली नाही. रस्त्यात दुसऱ्याच कुणाला हाक मारली की आपण उभे राहतो ना, तसा तो उभा.

"हे ते नाहीत," आई म्हणाल्या.

"आई, नीट बघ..."

"हे ते नाहीत! बंद कर. बंद कर रे!"

भाऊजींनी बटण दाबलं. दिवा गेला. खरखर थांबली. घोंगडीआडच्या काळोखात तिघांचे श्वास.

आई म्हणाल्या, "अहो... कोण तुम्ही?"

आणि भिंतीकडून नाही...

त्यांच्या मागून, अगदी नम्रपणे, आवाज आला.

"ओ."

ताईनं घोंगडी ओढून काढली. लख्ख ऊन आत आलं. खोलीत तिघंच होती. आईंच्या खुर्चीमागची फरशी ओली होती. दोन पावलांएवढी.

त्याच दुपारी भाऊजींनी फाइट मास्टरला फोन केला. म्हातारा कानानं अधू.

"मास्टर, पुलाच्या शॉटमध्ये माझे बाबाच आहेत ना?"

"काय? जरा मोठ्यानं बोल!"

"पुलावरची उडी! माझ्या बाबांचीच ना?"

"तुझ्या बापाचा शॉट आलाच नाही रे. कॅमेऱ्यात फिल्म अडकली होती. दुसऱ्या दिवशी दुसरा उभा केला. कोट तोच. वाळवून."

"मग तुम्ही मला..."

"तू इतक्या आशेनं विचारत होतास. वाटलं, पाठच तर आहे. कुणाची का असेना."

"कोण होता तो?"

"रोजावर आलेला पोरगा. नाव कोण विचारतो? आम्ही 'ए' म्हणायचो. ए, इकडे ये. ए, चढ वर."

"उडी मारल्यावर... वर आला का तो?"

"शॉट ओके झाला."

"मास्टर, तो पाण्यातून वर आला का?"

"अंधारून आलं होतं. पॅकअप झालं. आम्ही निघालो." म्हातारा रडत होता. "शॉट ओके झाला होता रे..."

भाऊजींनी रीळ पुन्हा उजेडावर धरलं. पूल होता. कठडा होता. नदी होती.

कठड्यावर कुणीच नव्हतं.

जन्मभर 'ए' ऐकलेल्या त्या माणसाला कुणीतरी 'अहो' म्हटलं होतं. 'बाबा' म्हटलं होतं. हात जोडून, एकोणीस दुपारी. तो का नाही वळणार?

आठवड्याच्या आत आईंची नजर पूर्ण गेली. शेवटचा म्हणून त्यांनी जो चेहरा नीट पाहिला, तो त्याचा. "डोळे मिटले तरी तोच दिसतो रे," त्या म्हणायच्या. "ह्यांचा आठवायला गेलं की हा पुढे येतो. बिचारा काही करत नाही. नुसता उभा असतो... बोलावलंय म्हणून."

भाऊजी रोज उशाशी बसून वडिलांचं नाव त्यांच्याकडून घोकून घ्यायचे. लहान मुलाकडून पाढे घ्यावेत तसं. "आई, हाक मारायची वेळ आली ना, तर नावानं मार. नावानंच. विसरू नकोस."

"नाही विसरणार."

नऊ आठवड्यांनी, सकाळी साडेसातला, आई गेल्या. ताई तिथेच होती. आईंचे ओठ हलत होते. भाऊजी कानाशी ओरडत होते, "नाव, आई! नाव घे!" त्यांनी खूप प्रयत्न केला. पण पन्नासहून जास्त वर्षांची जिभेची सवय...

"अहो," आई म्हणाल्या.

बाहेरच्या बोळातून उत्तर आलं.

"ओ."

आईंनी हात पुढे केला. कुणीतरी धरावा तशी बोटं मिटली. मग हात खाली आला. भाऊजींनी तो हातात घेतला, तेव्हा तो ओला होता. गार, नदीच्या पाण्यासारखा.

भाऊजींनी सगळी रिळं देऊन टाकली. ते एक मात्र कुणाला द्यायचा धीर झाला नाही. कपाटात आहे. अजूनही ते ताईला विचारतात, "आई नक्की कुणाबरोबर गेली गं?"

मीही रोज आईंसाठी प्रार्थना करते. आता त्या पोराचीही आठवण काढते. पण त्याच्यासाठी काय नाव घ्यायचं, तेच कळत नाही, आणि नावावाचून हाक मारायची भीती वाटते.

या वयात मी नवऱ्याला नावानं हाक मारायला लागले आहे. हे हसतात. हसू देत.

परवा सवयीनं चुकून तोंडातून गेलंच. "अहो, दार लावा ना."

हे अंगणात होते. त्यांना ऐकूसुद्धा आलं नाही.

दार लागलं.