एकशे साठचा टायर

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो देवसहायम आजही कोइम्बतूरला, सिंगनल्लूरच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानात बसलेला असतो. डाव्या पायात बूट घालत नाही. का, ते पुढे कळेल.

आणि हो, हे रात्री घडलेलं नाही. तमिळ आडी महिन्यातला, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराचा, रविवार होता. भर दुपार.

देवसहायम पूर्वी मोटरसायकलच्या शर्यतीत गाडी चालवायचा. शहराबाहेरच्या ट्रॅकवर त्याचं नाव होतं. पण वय झालं, आणि कदिरवन आला.

कदिरवन म्हणजे पोन्नुत्तायीचा एकुलता एक मुलगा. आई मंडईत केळीची पानं विकायची. मुलगा लाजरा, पण गाडीवर बसला की वारा. देवसहायमला अण्णा म्हणायचा, प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारायचा.

त्याच अण्णाला त्याने सगळ्यांसमोर मागे टाकलं. एकदा नाही, सारखं.

एके दिवशी पॅडॉकमध्ये, ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, परोटा खाता खाता कदिरने विचारलं, "अण्णा, मागचा टायर बदलायचाय. एकशे चाळीस घेऊ की एकशे साठ?"

त्याची गाडी तीनशे सीसीची. रिम अरुंद. अशा रिमवर एकशे चाळीस मिलिमीटर रुंदीचाच बसतो. रुंद टायर चढवला तर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, मधोमध टोकदार होतो, आणि वळणावर गाडी आडवी केली की जिथे रबर टेकायला हवं तिथे टेकत नाही. शिवाय चेनला घासतो तो वेगळाच.

देवसहायमला हे झोपेतही सांगता आलं असतं.

"एकशे साठ घाल," तो म्हणाला. "मागून येणाऱ्यांना कळू दे, पुढे बाप चाललाय!"

बाकीचे गालातल्या गालात हसले. त्यांनाही ठाऊक होतं. कोणी बोललं नाही.

"चेनला घासणार नाही ना, अण्णा?"

"मी सांगतोय ना! का आता माझ्यापेक्षा तुला जास्त कळायला लागलं?"

देवसहायमच्या मनात इतकंच होतं, की रडू दे पोराला दोन दिवस वळणावर, मग काढेल आपोआप.

कदिरला दोन दिवस मिळाले नाहीत.

लांब सरळ पट्ट्यानंतरच्या वळणावर गाडी त्याच्याखालून निसटली. भिंत जवळ होती. टायर शाबूत होता, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही. वेग आवरला नाही, असं सगळे म्हणाले. देवसहायमही तेच म्हणाला. खांदाही दिला त्याने.

वर्ष गेलं. मित्रांनी गाडी दुरुस्त केली. मागचं चाक तेवढं जसंच्या तसं राहिलं. वर्षश्राद्धाला ती गाडी ट्रॅकवर एक फेरी फिरवायची, असं ठरलं.

पोन्नुत्तायी स्वतः दुकानात आली.

"तंबी, भावा, तूच चालव. त्याचा तुझ्यावर फार जीव. टायरसुद्धा अण्णाने निवडून दिला म्हणून घरभर नाचला होता."

ती हसत होती. देवसहायमला ते हसू कळलं नाही. नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.

शनिवारी संध्याकाळी तो दुकानातला नवा एकशे चाळीस घेऊन ट्रॅकच्या शेडमध्ये गेला. एकटाच. गुपचूप टायर बदलायचा, म्हणजे झालं.

त्याने गाडीच्या मागच्या टायरवर हात ठेवला...

टायर गरम होता.

नुकताच ट्रॅकवरून आल्यासारखा. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचा!

शेडचा पत्रा तापला असेल, असं मनाशी म्हणत त्याने घाईघाईने तो काढला. एकशे चाळीस चढवला. हवा भरली. बोटांनी आकडा चाचपून पाहिला. जुना टायर शेडमागच्या खड्ड्यात टाकून दिला.

रविवारी दुपारी वारा नुसता घोंघावत होता. पन्नासेक माणसं जमली होती. गाडीला हार घातला होता. देवसहायम हेल्मेट चढवून बसला, निघाला.

पहिलं वळण ठीक. दुसरंही.

मग सरळ पट्टा लागला... आणि वारा थांबला.

इंजिनाचा आवाजही कुठेतरी लांब गेल्यासारखा झाला. आणि त्या शांततेत, अगदी पायाजवळ...

च्यक्.

च्यक्... च्यक्...

चेनला रबर घासत होतं.

शक्य नव्हतं. एकशे चाळीस आणि चेनमध्ये बोटभर जागा असते. त्याने वेग कमी करायला ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण मागून कोणीतरी पुढे सरकून त्याच्या पाठीला टेकलं. थंडगार.

आणि हेल्मेटच्या आत, कानाला ओठ लावल्यासारखा आवाज आला...

"घासणार नाही ना, अण्णा?"

वळण समोर होतं. त्याने गाडी आडवी केली. मागचं चाक धारेवर चढल्यासारखं डगमगलं आणि निसटलं.

तो मेला नाही. मेला असता तर बरं, असं त्याची बायको जसिंता एकदा माझ्या बायकोपाशी बोलून गेली. त्याचा डावा पाय चेन आणि टायरच्या मधे सापडला. चाक थांबायला हवं होतं. गाडी आडवी पडलेली, इंजिन बंद... तरी चाक फिरत राहिलं. सावकाश. पायाचं एकेक बोट घेत.

सगळ्यांत आधी पोहोचली पोन्नुत्तायी. तिने त्याला हात लावला नाही. शेजारी खडीवर बसली आणि चाकाकडे बघत म्हणाली,

"छान दिसतो नाही रे, रुंद टायर?"

चाकावर एकशे साठ होता. चेनने कापलेला जुना चर, त्याच्याशेजारी नवा.

दवाखान्यातून आल्यावर देवसहायमने सगळ्यांत आधी दुकानातली मांडणी बघितली. त्याने शनिवारी नेलेला एकशे चाळीस तिथेच होता. कोरा. कागदी पट्टीही निघाली नव्हती.

"तू नेलाच नव्हतास तो," जसिंता म्हणाली. "रिकाम्या हाताने गेलास. मी विचारलंही, कुठे चाललास म्हणून."

इथे संपलं असतं तरी चाललं असतं.

परवा मी त्याच्या दुकानात बसलो होतो. कॉलेजातली एक मुलगी आली, यालिनी. नवी तीनशे सीसीची गाडी, डोळ्यांत नुसती चमक.

"अण्णा, मागे कोणता घालू? ट्रॅकच्या फाटकाशी केळीची पानं घेऊन बसलेल्या एक आजी भेटल्या. म्हणाल्या, टायर निवडावा तर तुमच्याकडून."

देवसहायम पांढराफटक पडला. मग तोंड उघडून काहीतरी म्हणाला.

"एकशे साठ ना? मलाही तोच आवडतो!" मुलगी खूश.

तो पुन्हा बोलला. जोरात. जसिंताने मान खाली घालून एकशे साठ काढून दिला. आताशा ती त्याला अडवत नाही. तो ओढून घ्यायला धावला, तर मुलगी हसली. "अहो अण्णा, कळलं, कळलं! किती वेळा सांगाल?"

टायर खांद्याला अडकवून ती निघाली.

देवसहायम लंगडत रस्त्यावर आला. तिच्यामागे धावला, पडला, उठला, ओरडत राहिला. पुढच्या सिग्नलला तिने मागे वळून अंगठा दाखवला आणि गेली.

तो म्हणतो, मी एकशे चाळीसच ओरडत होतो. जसिंताच्या गळ्याची शपथ घेऊन सांगतो.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो...

मला एकशे साठच ऐकू आलं.