बालवाडीवर लावलेली जीप

"तुम्ही बालवाडीवर जीप लावलीय."

मी हे म्हटलं तेव्हा आमच्या आजूबाजूला नुसता माळ होता. पिवळट, सपाट, नजर जाईल तिथवर... आणि एका बाजूला बाल्खाश तलावाचं पाणी. जीपवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पुढे पाहिलं, मागे पाहिलं.

"कुठली बालवाडी?"

"होणारी. तुमच्या मागच्या चाकाखाली तिचा दरवाजा आहे."

तो उतरून वाकला. माझी खुंटी मोडून पडली होती, लाल चिंधीसकट. त्यानं ती उचलून झटकली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मुलांना लागलं तर नाही ना?"

सकाळपासून वाऱ्याशी भांडत मी खुंट्या ठोकत होते, मला मुळीच हसायचं नव्हतं. पण हसले.

इथे अणुवीज केंद्र उभं राहायचं होतं. अणुभट्टी आणि तिच्या इमारती हे मोठ्या लोकांचं काम. माझ्या वाट्याला उरलेलं सगळं — कामगारांची वसाहत, रस्ते, दवाखाना, बेकरी. अल्माटीच्या कचेरीनं मला त्याचा नकाशा करायला पाठवलं होतं. जीपवाला ओल्झास हा इथल्याच, तलावाकाठच्या गावचा. यंत्रं थंड ठेवायला तलावाचं पाणी लागणार, म्हणून तो होडीतून पाण्याची खोली आणि तापमान मोजत हिंडायचा.

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी माझ्या खुंट्यांमधून यायचा, पण सरळ कधीच नाही.

"बेकरीवरून आलो. पाव संपलेत म्हणे."

"मग दवाखान्यातून कशाला आलास? बूट तरी काढायचेस."

"काढले होते. नर्स फार चिडकी आहे तुमची."

'तुम्ही' कधी गळून पडलं, ते कळलंच नाही. बोलताना तो पाण्याकडे बघायचा. मी बोलायला लागले की मात्र पाण्याला विसरायचा. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकच रस्ता मी तीनदा आखला आणि तीनदा खोडला. वारा थांबत नव्हता आणि मलाही एका जागी बसवत नव्हतं.

"तुला हे केंद्र हवंय का रे?" मी एकदा विचारलं.

"आई म्हणते, कामं येतील. काका म्हणतो, मासे जातील. मी म्हणतो, आधी मोजू तर द्या." मग खुंट्यांकडे बघत म्हणाला, "यातलं तुझं घर कुठलं?"

"माझं? मी तर नकाशा झाला की..." पुढचं मी वाऱ्यावर सोडून दिलं.

"हां. आमच्याकडे खुंट्या ठोकणारे पुष्कळ येऊन गेले. खुंट्या तेवढ्या राहतात."

तो हे हसत म्हणाला, पण मला ते लागलं.

आणि मग अल्माटीहून साहेबांचा फोन आला. शुक्रवारी गाडी येईल, नकाशा तयार ठेव. आणि काय ते ठरव — परत येतेस, की बांधकामासाठी तिथेच राहतेस? मला राहायचं होतं. पण त्याच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "थांब" ऐकायचं होतं.

त्याच दुपारी तो आला. कुलाश आपांकडे, जिथे मी भाड्यानं राहत होते. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. आपांनी आधी शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना एकाएकी शेजारणीची आठवण झाली.

"पोरी, पाहुण्याला चहा दे. मला यायला वेळ लागेल. चांगला वेळ लागेल."

तो टोपी हातात फिरवत बसला. "मोल्दिर, मला जरा विचारायचं होतं..."

हातांना काहीतरी काम हवं होतं. मी घाईघाईनं समोवारची, चहाच्या बंबाची, तोटी फिरवली, दूध घातलं आणि प्याला त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं प्याल्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे.

"बरं," तो म्हणाला. तसाच कढत चहा त्यानं घटाघटा संपवला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "छान होता चहा." आणि गेला.

आपा परतल्या तेव्हा मी रागानं धुमसत होते. "चहा प्यायला आणि पळाला! काय माणूस आहे?"

"किती ओतला होतास?"

मी मेजाकडे पाहिलं. प्याला ठेवला होता तिथे सांडलेल्या चहाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. काठोकाठ... आमच्यात पाहुण्याला अर्धाच प्याला देतात. त्यानं पुन्हा मागावा, बसून राहावं म्हणून. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे — प्या आणि निघा. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण कचेरीत आम्ही मोठाले मग भरभरून चहा घेतो, आणि ऐन वेळी माझ्या हातांनी कचेरीचंच ऐकलं.

"अगं, असा चहा मी फक्त विमावाल्याला दिलाय," आपा म्हणाल्या.

मी किनाऱ्यावर धावले. होडी गेलेली. मोजणीसाठी पलीकडच्या काठाला, तिथे फोन लागत नाही. शुक्रवारपर्यंत मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. नकाशा पूर्ण झाला. तो कसा झाला हे मला विचारू नका.

शुक्रवारी गाडी आली. ड्रायव्हर नकाशाची नळी आत ठेवत होता, तेवढ्यात तलावावर होडी दिसली. मी थर्मास उचलला, प्याला खिशात कोंबला आणि सुटले.

ओल्झास धक्क्यावर उतरला. मागची गाडी त्याला दिसली आणि त्यानं दोरी बांधायला मान खाली घातली. मी प्याल्यात चहा ओतून पुढे केला.

"इतकासाच?" प्याल्याचा तळ जेमतेम झाकला होता.

"थर्मास भरलेला आहे."

तो हळूहळू प्यायला. रिकामा प्याला मला परत दिला. मी पुन्हा तेवढाच ओतला. मागे ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"तुझी गाडी..."

"नकाशाची आहे. नकाशा जातोय." मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "त्या दिवशी हात घाबरले होते, ओल्झास. मी नाही. मला तू आवडतोस. तू काय विचारणार होतास?"

तो खुंट्यांकडे बघत राहिला. लाल चिंध्या फडफडत होत्या.

"हेच की... ती बालवाडी कधी पूर्ण होणार?"

"दहा वर्षं तरी लागतील."

त्यानं प्याला पुढे केला.

"मग ओत अजून अर्धा."